कार्ड नसलेले फोटो

८ नोव्हेंबर, सोमवार

“तुमचा ब्लॉग कशाविषयी आहे?”

ब्लॉग उघडायच्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न, आणि मला उत्तर येत नाही. एका वाक्याची जागा. घरातली पहिली पदवीधर मी, आणि एक वाक्य सुचेना! ‘फरशी’ लिहिलं, खोडलं. ‘आई’ लिहिलं, खोडलं. शेवटी लॅपटॉप मिटला.

सुरुवात काल झाली. आई ज्या ऑफिसच्या इमारतीत साफसफाई करते तिथला ठेका बदलतोय. जुन्या ठेकेदाराने दिलेले फोन तीस तारखेला परत करायचे आहेत. “आतलं सगळं पुसून दे गं,” म्हणत आईने फोन माझ्या मांडीवर टाकला. तिचा कामाचा नियम मला माहीत होता — मजला पुसून झाला की साडेसातच्या आत फोटो काढायचा, कोपऱ्यात आपलं ओळखपत्र ठेवायचं, आणि सुपरवायझरला पाठवायचा. कोणी पुसलं त्याचा पुरावा. पाच वर्षं, रोज. मला वाटलं, जुने पुसत असेल, शे-दोनशे उरले असतील.

चार हजार सहाशे बारा!

पुसायला बसले आणि हात चालेना. ओल्या फरशीत अख्खी खिडकी उलटी उतरलेली, तिच्यात सकाळचं आभाळ. जिना — एक पायरी सुकलेली, एक ओली, एक सुकलेली. टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, पाय वर, पानं झडलेल्या झाडांसारख्या. पाच वर्षं ती घरी आली की मी “दमलीस का?” एवढंच विचारलं. आणि ती रोज हे बघून येत होती!

९ नोव्हेंबर

जाहीर केलं — या फोटोंची साइट काढणार, एक पैसा न देता. बाबा टेम्पो धूत होते. मान न वळवता म्हणाले, “फुकट ते पौष्टिक!”

आई म्हणाली, “फरशी बघायला कोण येणार? लोक तिच्यावरून चालतात.”

११ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली फुकटातली साइट बघितली. पाच मिनिटांत तयार! चौथ्या मजल्याच्या व्हरांड्याचा फोटो चढवला. सोन्याचा पट्टा अंथरावा तसा उजेड, नजर ठरत नाही. आणि त्याच्या बरोबर खाली आपोआप जाहिरात आली — फरशी पुसायच्या औषधाची. ‘डाग गायब, मन प्रसन्न!’

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “अगं, त्यांना वाटलं तू विकायला बसलीस!”

जाहिरात काढायची तर पैसे. ती साइट बाद.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी जास्त देखणी, जाहिराती नाहीत. पण ती प्रत्येक फोटो चौकोनी करते. मला वाटलं, काय बिघडलं? मधला भाग तर राहतो. आईला दाखवला. तिने डोळे बारीक केले.

“कोपरे कुठे गेले?”

“कापले. चौकोनात बसत नाहीत.”

“मग उरलं काय? मधली फरशी कोणीही पुसतं. काम कोपऱ्यात असतं. कोपरा बघावा, मग माणूस कळतो.”

कॉलेजात तीन वर्षं कलेच्या इतिहासाचा पेपर होता मला. हे वाक्य कुठेच नव्हतं.

दुसरीही बाद.

काही फोटोंत कोपऱ्यात ओळखपत्रच नाही. नऊशेच्या वर असतील. विसरली असणार बिचारी. त्या दिवसांची हजेरी लागली असेल ना?

१६ नोव्हेंबर, मंगळवार

सापडली! तीन जीबी जागा फुकट. फोटो आहे तसा, कडेपासून कडेपर्यंत. आणि सगळं बदलता येतं — रंग, अक्षर, अंतर, काय दिसावं, काय दिसूच नये. उद्या कंटाळा आला तर सगळं गाठोडं बांधून दुसरीकडे नेता येतं. कोणी अडवत नाही.

हे कोणी बनवलं म्हणून शोधलं. जगभरची हजारो माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. कोणी एक बटण नीट केलं, कोणी एक चूक सुधारली, आणि करून ठेवून दिलं — घ्या, वापरा. त्यांच्या नावांची यादी खाली सरकवत राहिले, संपेना. मी ओळखतही नाही अशा एवढ्या लोकांनी माझ्या आईच्या फरशीसाठी घर बांधून ठेवलंय!

आईला सांगितलं. ती म्हणाली, “आणि झाडून कोण घेतं तिथे?”

तेही तेच घेतात, म्हटलं. तिला ते पटलं. “मग चांगली माणसं असतील.”

१७ नोव्हेंबर

मेनू काढून टाकला. तारखा काढल्या. मागचा रंग पांढरा केला तर फोटो फिके पडले, काळा केला तर दुखवट्यासारखं वाटलं. शेवटी आईच्या बादलीचा करडा रंग घेतला. एकदम बसला!

१८ नोव्हेंबर

कोडमध्ये एक स्वल्पविराम चुकला आणि अख्खी साइट डावीकडे कलंडली. दोन तास. रडकुंडीला आले.

२१ नोव्हेंबर, रविवार

झालं! चाळीस फोटो चढवले. प्रत्येकाखाली मी चार-चार ओळी लिहिल्या — श्रम, प्रकाश, अदृश्य हात, असं सगळं. पहिल्या पानावर, पूर्ण रुंदीत, सगळ्यांत सुंदर तो — पाचव्या मजल्यावरची लिफ्टसमोरची फरशी. ओल्या काळ्या दगडात दिव्यांची रांग खोल गेलेली, विहिरीत वाकून बघावं तशी.

आईला अजून सांगितलं नाही. थोडे लोक येऊ देत, मग एकदम दाखवते. मैत्रिणींना दुवा पाठवला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे सत्तेचाळीस जणांनी बघितलं! एकाने लिहिलंय, “पहिल्या फोटोसमोर दहा मिनिटं बसलो होतो. कोणी काढला?” दुसरी म्हणते, “ही इमारत मी ओळखते बहुतेक.”

उद्या आईला दाखवणार.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आई हात पुसत समोर येऊन बसली. मी लॅपटॉप उघडला. ती पडद्याजवळ वाकली. मला वाटलं, भारावली.

“हा काढ.”

“अगं, हाच तर सगळ्यांत —”

“आत्ता काढ!”

तिने बोट ठेवलं. दिव्यांच्या रांगेच्या कडेला, फरशीत, उलटा — खुर्चीत बसलेला माणूस. मान छातीवर, टोपी मांडीवर. रात्रपाळीचे वॉचमनदादा. झोपलेले. मी तो फोटो शंभरदा बघितला असेन. मला उजेड दिसला, माणूस दिसला नाही!

“त्याची बायको तेव्हा दवाखान्यात होती,” आई म्हणाली. “दिवसा तिच्यापाशी, रात्री कामावर. नवीन ठेकेदार कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं ते याच आठवड्यात ठरवतोय. तेव्हाही हा दिसला असता तर नोकरी गेली असती, म्हणून तो फोटो मी कधीच पाठवला नाही. दुसऱ्या बाजूने काढून तो पाठवला.”

“पण मग फोनमध्ये ठेवलास कशाला?”

“चांगला आला होता.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कार्ड असलेले त्यांचे. कार्ड नसलेले माझे. एवढं कळलं नाही? एवढी शिकलीस ना?”

नऊशे फोटो. विसरलेले नव्हते. साडेसातच्या घाईत, ओळखपत्र उचलून, दोन पावलं मागे सरून, पुन्हा काढलेले. कोणालाही न पाठवण्यासाठी.

मी तो फोटो साइटवरून काढला. मग अख्खी साइटच लोकांसाठी बंद केली. एकशे त्र्याहत्तर जणांनी बघून झालं होतं. ते कसं पुसणार?

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आईने आज स्वतः जाऊन वॉचमनदादांना सगळं सांगितलं. “माझ्या पोरीने शहाणपणा केला,” म्हणाली. “सुपरवायझरने विचारलं तर सांग, मीच बसायला सांगितलं होतं, फरशी ओली होती.”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली म्हणे. मग म्हणाले, “ताई, झोपेत बरा दिसतो का?”

मी काही हसले नाही. तिने त्यांच्या नोकरीबरोबर स्वतःचीही पणाला लावली. माझ्या चुकीसाठी, आणि कसलाही आवाज न करता.

२६ नोव्हेंबर

“ते खाली काय लिहिलंयस ते वाच,” आई म्हणाली. वाचलं. ‘अदृश्य हातांनी कोरलेला प्रकाश’ वगैरे.

“हे कोण बोलतंय?”

सगळ्या ओळी काढून टाकल्या. खाली आता फक्त करडा रंग आहे. फोटो मोठे झाल्यासारखे वाटतात.

२७ नोव्हेंबर, शनिवार

आई निवडायला बसली. मी फक्त बाण दाबायचा — ती “राहू दे” म्हणाली तर उजवीकडे, “जाऊ दे” म्हणाली तर डावीकडे. मला ज्यांच्यात काहीच दिसत नव्हतं त्यांना “राहू दे”. का, विचारलं. “त्या दिवशी रंग सांडला होता तिथे. दिसतोय का?” नाही दिसत. “मग!”

एकशे तीस ठेवले. मी निवडलेल्या चाळिसांपैकी सहा.

बाबा दारातून फोटो बघत होते. नंतर हळूच मला म्हणाले, “मी हिला रोज सकाळी तिथे सोडतो. आत काय आहे ते एकदाही विचारलं नाही गं.”

२९ नोव्हेंबर

वॉचमनदादांना नवीन ठेकेदाराने ठेवलं! आईलाही. कोणी काही विचारलं नाही. पाच दिवसांनी आज नीट जेवण गेलं.

फोन रिकामा केला. चार हजार सहाशे बारा. शून्य.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साइटची मालकी आईच्या नावे केली. “तुम्हाला खात्री आहे? यानंतर तुम्हाला प्रवेश राहणार नाही,” असं आलं. ‘हो’ दाबलं. आता ती बाबांच्या जुन्या फोनवर आईच्या अंगठ्याने उघडते, माझ्या नाही. लोकांना दाखवायची की नाही, ते तिने अजून ठरवलेलं नाही.

मघाशी ती एकटीच बघत बसली होती. दारातून विचारलं, “आई, मी बघू का?”

“हात धुऊन ये,” म्हणाली.