बेटावरच्या शेळ्या

१२ जानेवारी, रविवार

सोडल्या! आठही शेळ्या बेटावर. बन्सी कोळ्याच्या होडीने तीन फेऱ्या झाल्या — एकीने तर माझ्या पायावरच लेंड्या टाकल्या.

उजनीच्या पाण्यात, आमच्या उत्तरेकडच्या खडकाळ काठासमोर, बुडालेल्या टेकडीचा तेवढाच माथा वर राहिलाय. वस्ती नाही, वाट नाही. मागच्या महिन्यात बिबट्याने गोठ्यातून दोन शेळ्या नेल्या. मी कोपरगावला साखर कारखान्यात फिटर, घरी येणार पंधरा दिवसांनी. चांगुणा एकटी कुठे कुठे बघणार? आता बिबट्या बसू दे उसात!

तिला पटलं नाही. म्हणाली, "गवत वाळल्यावर काय खात्याल? पानी पिऊन ऱ्हात्याल व्हय?" आमच्या मंडळींचा पहिला शब्द नेहमी नन्नाच.

२६ जानेवारी

बघून आलो. मजेत आहेत.

९ फेब्रुवारी

एक व्याली! दोन करडं. चांगुणाला म्हटलं, बघितलंस? ती भाकरी थापत राहिली. हार मानायला जीभ जड होते माणसाची.

२३ फेब्रुवारी

काठावरचं गवत पार वाळलं. बेटही पिवळं पडलंय. पण शेळ्या तुकतुकीत! त्या मातीतच काहीतरी आहे — नदीचा जुना गाळ, दुसरं काय? रात्री कारखान्यात परतल्यावर माझ्या पाळीवरच्या रामहरीला सांगितलं, तर म्हणे शेळी काय माती खाते? सगळे खो-खो हसले. हसू दे. चाळीस शेळ्या झाल्यावर हेच बोकड मागायला येतील.

९ मार्च

ठरलं. नोकरी सोडायची. सोळा वर्षांची, कायमची नोकरी — लोक वेड्यात काढतील. काढू देत. बेट शेळ्या पोसतंय, मी तिथे मशीनचं तेल पुसत का बसू?

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. चांगुणावाचून करमत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातले एकत्र दिवस किती? तिला आत्ताच काही सांगायचं नाही. राजीनामा देऊनच दारात उभा राहणार.

२१ मार्च, शुक्रवार

दिला! साहेब दोनदा म्हणाले, विचार करा. मी सही ठोकली.

२२ मार्च, शनिवार

घराला कुलूप. काठावर गेलो तर बन्सी जाळं शिवत बसलेला, आणि त्याची होडी बेटाकडून येत होती. वल्ही चांगुणाच्या हातात.

बन्सी म्हणाला, "वैनी रोजच जात्यात की, दादा. सुबाभळीचा पाला घिऊन. फेब्रुवारी लागल्यापासनं."

ती उतरली. हाताला फोड आलेले. मला बघून आधी दचकली, मग म्हणाली, "तुमी लई खूश हुता. म्हून बोलले न्हाई."

राजीनाम्याचं मी अजून सांगितलेलं नाही.