पाण्यातली छत्री

४ मार्च
हात लावायचा नव्हता, तरी लावला! सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा दारातून तीनदा बजावलं होतं— "सूनबाई, सगळं कर, फक्त छत्री हलवू नकोस." छत्री म्हणजे त्यांच्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं कोरल, जिवंत प्रवाळ. देठावर बशीएवढं, मऊ, वर शेकडो बारीक बोटं. खाली अंधारात बिचारी वाटली. उचलून दिव्याखाली ठेवली. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

५ मार्च
सगळी बोटं आत.

७ मार्च
परत खाली ठेवली. मिटलेलीच. हॉस्पिटलमधून फोन— "छत्री कशी आहे?" "मस्त!" खोटं किती सहज आलं तोंडातून.

११ मार्च
करडी पडली. वर थंड दुधावर येतो तसा पापुद्रा. नवरा म्हणाला, "गेली ती. काढ, नाहीतर मासेही जातील." पिशवीत घालून गाठ मारली, कचऱ्यात टाकली. मग डब्यापाशी बसून रडले. डोळेसुद्धा नसलेल्या जिवासाठी!

१२ मार्च
फोटो दाखवून दुकानातून तशीच दुसरी आणली. दुकानातली पाण्याची पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवायची, टाकीतलं पाणी तिच्यात थोडं थोडं मिसळायचं, पंपाचा झोत थेट लागू द्यायचा नाही, शेजारच्या कोरलला टेकू द्यायची नाही— आता सगळं येतं मला. पाप झाकायला माणूस काय काय शिकतो. नवऱ्यालाही गप्प राहायला सांगितलंय.

२२ मार्च
सासरे घरी आले. चपलाही न काढता, काठी टेकत थेट टाकीपाशी. बराच वेळ बघत होते.
"चांगली सांभाळलीस हो."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ मार्च
नवीही मिटली! तोच करडा रंग, तोच पापुद्रा. धावत टाकीपाशी गेले. सासरे चहा पीत शांतपणे म्हणाले, "घाबरतेस काय? कात टाकतेय. आठ-दहा दिवस अशीच मिटून बसते, मग मोठी होऊन उघडते."
म्हणजे ती पहिलीही जिवंत होती. मी जिवंत छत्री कचऱ्यात टाकली.

५ एप्रिल
उघडली. "अगं, ये बघायला!" म्हणून हाक मारली त्यांनी. "आले" म्हटलं आणि ओट्यापाशीच उभी राहिले. आज सांगीन म्हणते, रोज शब्द गिळते.

७ एप्रिल
त्यांनीच समोर बसवलं. "ही ती नव्हे. जुनीचा देठ डावीकडे झुकलेला होता. आल्या दिवशीच कळलं मला."
मग स्वतःच पुढे म्हणाले,
"तुझ्या सासूनंही असंच केलं होतं. माझी पहिली छत्री मेली समजून टाकली, गुपचूप दुसरी आणून लावली. मला कळलं होतं. म्हटलं, कशाला तिला ओशाळं करा? गप्प बसलो. शेवटच्या आजारात माझा हात धरून रडली— 'तुमची छत्री मी टाकली हो.' नऊ वर्षं मनात घेऊन जगली गं ती. तुला नाही तसं जगू द्यायचं."
खूप रडले. डोक्यावर हात ठेवून ते उठले, माशांना खाणं घालायला गेले.

८ एप्रिल
भांडी घासताना लक्षात आलं. मी टाकली ती सासूबाईंनी आणलेली होती.
एवढं मात्र ते बोलले नाहीत.