बशीतली गोळी

मंगळवार, संध्याकाळ

तुमसरच्या दवाखान्यातून सासूबाई आणि मी आत्ताच आलो. थायरॉइड पुन्हा वाढलेला निघाला. पाचवा महिना लागलाय, आणि गोळी एकही दिवस चुकवली नाही, तरी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" माझ्याआधी सासूबाईच बोलल्या, "मीच देतो न तिले, चहासंगं. बशीत ठेवून."

चहासोबत गोळी नीट लागू पडत नाही म्हणे. उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, चहा तासाभराने. बाळाच्या मेंदूची वाढ यावर अवलंबून असते, हेही सांगितलं. गोळीचा डोस वाढवला.

मला राग यायला हवा होता का? आला नाही. मी विसरू नये म्हणूनच सासूबाई गोळी बशीत ठेवायच्या. मला तरी कुठे माहीत होतं?

घरी आल्यावर त्यांनी ती बशी घासली, पुसली आणि पार वरच्या फळीवर ठेवून दिली. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मंग सकाळी तुले काय आणून देऊ?"

"पाणी," मी म्हटलं.

त्या जायला वळल्या, परत थांबल्या.

"पाण्यानं त काही होत नाही न, बाई?"