माझं पोट सौम्याला देता येत नाही

कुंभकोणम्,
पुरट्टासीतला (तुमच्या भाद्रपद-आश्विनातला) शनिवार

तीर्थस्वरूप गंगाआक्कास,

धाकट्या मुरलीचा साष्टांग नमस्कार. सध्या तो मनातल्या मनात घे, कारण माझ्या मांड्या अशा भरून आल्या आहेत की खाली गेलो तर उठवायला तुझ्या भावजयीला, मीनाक्षीला, शेजारून माणसं बोलवावी लागतील. तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावतेस का? (लावत नसशील. बाटली फडताळात ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असशील.) सूनबाईला आशीर्वाद. माझी पत्रं मोठ्याने वाचून ती हसते हे मला ठाऊक आहे. तीनशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी जी मराठी इकडे तंजावर भागात आणली ती आम्ही लोणच्यासारखी मुरवत ठेवली, त्याला आम्ही काय करणार? हसू दे. पण हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस. एकटीने वाच, आणि चष्मा लावून वाच.

विषय नाजूक आहे. आपल्या घराण्यात देवाने नाकं भरघोस दिली, आवाज दिले, पण मागची बाजू द्यायची राहून गेली. (कोणता शब्द लिहू? पार्श्वभाग म्हटलं की पोलिसांचा पंचनामा वाटतो, आणि नितंब लिहायला मी काही कवी नाही. कुल्लेच म्हणतो, तू मोठी बहीण आहेस, समजून घेशील.) आपल्या अप्पांना नव्हते, मला नाहीत. माझी विजार पट्ट्याच्या भरवशावर उभी असते. मी पुरुष, दिवसभर दिव्यांच्या दुकानात समया आणि उंच उभे कुत्तुविळक्कू यांच्यामध्ये गादीवर बसून असतो, मला कोण मागून बघतो? पण माझ्या लेकीला, सौम्यालाही तेच आलं आहे, आणि तिथे सगळं अडलं.

वैकासीत, म्हणजे तुमच्या वैशाख-ज्येष्ठात, तंजावरला आपल्या सूर्याचं लग्न झालं, तेव्हा तिला नऊवारी नेसायची होती. नेसवायला आलेल्या मामी म्हणजे तोंडाळ बाई. त्यांनी काष्टा दोनदा खोचला, दोनदा सोडला, आणि खोलीभर बायकांसमोर म्हणाल्या, "अय्यो, हा बैसवूं कुठें गे? इथें मागें कांहीच नाहीं की!" सगळ्या हसल्या. मीनाक्षी सांगते, सौम्या सगळ्यांत मोठ्याने हसली. नंतर फोटो आले. त्यात एक बाजूने काढलेला होता. तो बघून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायलाही आली नाही. संक्रांतीनंतर तै महिन्यात तिचं स्वतःचं लग्न, तीच नऊवारी, तोच काष्टा. आता तिने ठरवलं आहे की दिवाळी झाली की चेन्नईला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यायची. (जयकुमारला, म्हणजे आपल्या होणाऱ्या जावयाला, मी आडून विचारलं, त्या फोटोत काही खटकतं का. त्याने बराच वेळ बघून सांगितलं, मागच्या पंख्याची तार लोंबते आहे. मुलगा चांगला आहे.)

घरात रडारड झाली. मीनाक्षी म्हणाली, कापाकापी मी होऊ देणार नाही. सौम्या म्हणाली, अंग माझं आहे. दोघीही खरंच बोलत होत्या, म्हणून मी मध्ये पडलो आणि म्हणालो, या दोषाचा मूळपुरुष मी, तर सुरीशिवाय जे जे करता येतं ते आधी माझ्यावर करून बघू. सौम्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बोललो हे बरं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

आधी डॉक्टर. इथे सौंदर्या म्हणून एक डॉक्टरीण आहे, आपल्या नात्यातल्या हरिणीच्या वर्गातली. (तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि निरखून पाहिलं. माझ्या आयुष्यात असा प्रसंग पहिलाच.) तिने नीट समजावलं. काही जणांची कमरेची हाडंच अशी असतात, ते वारशाने येतं, त्यात कुणाची चूक नसते. वर चरबी किती साठते तेही बरंचसं वारशाचंच. तिसरी गोष्ट स्नायू. दिवसभर बसणाऱ्याचे ते झोपी जातात, वय झालं की आणखी उतरतात. हाडं बदलत नाहीत, पण स्नायू उठवता येतात: उठाबशा, उताणं पडून कंबर उचलणं, जिने चढणं, डाळ-अंडी नीट खाणं. महिनोन्महिने करायचं, आणि मग थोडा फरक, डोंगर उभा राहणार नाही. शस्त्रक्रियाही असते. पोटावरची चरबी काढून मागे भरतात, पण ती भलत्या शिरेत गेली तर जिवावर बेततं. चरबी नसेल तर आत सिलिकॉनच्या गाद्या बसवतात, मग कित्येक दिवस बसायचं नाही, पालथं झोपायचं. आणि पार्लरमध्ये कुणी सुई टोचून भरून देतो म्हणालं, तर तिथून पळत सुटायचं, हे तिने आवाज चढवून सांगितलं.

सौम्या काडीसारखी, तिच्या पोटावर चरबी कुठून आणायची? मी लगेच शर्ट वर केला आणि म्हटलं, डॉक्टर, इथे माल भरपूर आहे, हवा तेवढा काढा, लेकीला द्या. मी विनोद केला नव्हता, आक्का. मला खरंच वाटलं, रक्त देता येतं, मूत्रपिंड देता येतं, तर इतकी वर्षं इडल्या खाऊन जमवलेलं हे पोट लेकीच्या कामी का येऊ नये? डॉक्टरीण म्हणाली, दुसऱ्याची चरबी अंगाला चालत नाही, स्वतःचीच लागते. मी शर्ट खाली केला. सौम्या खिडकीबाहेर बघत होती, तिचे कान लाल झाले होते.

मग प्रवीणकुमारची व्यायामशाळा. तिथे सगळी पोरं, भिंतीभर आरसे. मी पहिल्या बैठकीला खाली गेलो आणि तिथेच राहिलो. प्रवीणकुमार म्हणाला, "अंकल, वर या!" मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे.

त्यानंतर मी मागवली भरीव चड्डी. तिच्यात मागे दोन गाद्या असतात, घातली की माणूस भरलेला दिसतो. पुरुषांची मिळेना, म्हणून बायकांची मागवली. त्या गाद्या सुट्या निघतात. मीनाक्षीने त्या इडलीचं भांडं उतरवायला वापरल्या आणि हाताला अगदी नीट बसतात म्हणून खूश झाली. मी काय ते सांगितल्यावर तिने त्या भांड्यासकट माझ्यासमोर आदळल्या. इडलीचा वास गेला नाही, पण मी चड्डी घालायचीच असं ठरवलं. सुरीशिवाय हाही एक मार्ग होता, आणि तो कसा काय टिकतो हे लेकीआधी मला बघायचं होतं.

आणि कुठे बघितलं? मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात! तुला माहीत आहे, तिथे आपल्या घरचा माणूस अभंगाला पुढे लागतो. तमिळ मंडळी गातात सुंदर, पण म्हणतात, मराठी तुमच्याच तोंडची बरी. पंचकच्छ, म्हणजे काष्ट्याचं धोतर, नेसायचं, मधोमध दिवा (दिवा आपल्याच दुकानचा, नाचियार्कोविलच्या कारागिरांनी ओतलेला), आणि भोवती फेर धरून नाचायचं. मी घरी ती चड्डी घातली, वर धोतर नेसलो, आणि मागचा काष्टा सवयीने आत खोचला. तो कमरेला खोचायचा, मी खोचला त्या चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये. आरशात बघितलं तर मी चक्क भरदार! भजन चालवणाऱ्या स्वामीनाथ भागवतरांनीसुद्धा तिथे दोनदा वळून पाहिलं.

पहिल्या फेरीत ठीक होतं. दुसऱ्या फेरीत मी दिव्याला नमस्कार घालून उठलो, तेव्हा काष्टा ताणला गेला, काष्ट्याने चड्डी ओढली, आणि गाद्यांनी प्रदक्षिणा सुरू केली. आम्ही दिव्याभोवती, त्या माझ्याभोवती. थांबता येईना, मागून रांग ढकलत होती. एक गादी डाव्या कुशीवर आली आणि दुसरी पोटावर, आधीच्या पोटावर आणखी एक. धोतराच्या गाठीला आता काहीच धरायला उरलं नाही. पांडुरंगाचं नाव घेत दोन्ही हातांनी कंबर धरून मी नाचत होतो, आणि लोकांना वाटलं, मुरलीला आज भाव आला. स्वामीनाथ भागवतर मात्र समजले. त्यांनी गाणं न थांबवता खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या कमरेला घट्ट बांधलं आणि पुढचं चरण धरलं. वयाने मोठे म्हणून पाया पडायचो, आता मनापासून पडतो.

बायकांत सौम्या बसली होती. ती हसून हसून भिंतीला टेकली. वैकासीनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती, म्हणून माझी लाज कुठल्या कुठे गेली. परतताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, तेव्हाही हसत होती. मग हसणं थांबलं, आणि माझ्या पाठीला तिचं कपाळ लागलं. म्हणाली, "अप्पा, तुम्ही घरी गेल्यावर ते काढून ठेवाल. मी काय काढून ठेवूं?"

मी स्कूटर चालवत राहिलो. तिला छान दिसतेस म्हणून सांगून झालं, तब्येत महत्त्वाची म्हणून सांगून झालं. ती मान डोलावते आणि दार लावून घेते.

आता आम्ही दोघं रोज पहाटे महामहम तलावाच्या पायऱ्या चढतो-उतरतो. ती पुढे, मी मागे धापा टाकत. डॉक्टरीण म्हणते, सौम्याच्या पायांत ताकद आली आहे. सौम्या म्हणते, आरशात आली नाही. चेन्नईची तारीख तिने रद्द केलेली नाही. मी स्पष्ट सांगितलं आहे की माझी या गोष्टीला संमती नाही, आणि बाप म्हणून मी शेवटपर्यंत आडवा येणार.

तू लग्नाला चार दिवस आधी ये. नऊवारी तूच नेसव. त्या मामींना मी आमंत्रण देईन, पण खोलीत घेणार नाही.

तुझा,
मुरली

ता. क. खरं तर एवढं सगळं याच्यासाठी लिहिलं. या पत्राआधी मी आपले जुने फोटो काढून बसलो होतो. आक्का, एकाही फोटोत तू बाजूने उभी नाहीस. सगळीकडे समोरून, नाहीतर पाठ भिंतीला लावून. मला वाटायचं, तुला कॅमेऱ्याकडे बघायला आवडतं. तुझीही ठेवण सौम्यासारखीच, हे या वयात माझ्या ध्यानात आलं. तुला त्याचं वाईट वाटायचं का गं? आणि वाटत असेल, तर पुढे त्याचं काय झालं? गेलं का? मला नको सांगूस. सौम्याला फोन कर आणि तिला सांग. उपदेश करू नकोस, ऑपरेशन कर किंवा करू नको असंही म्हणू नकोस. तुझं जे झालं तेवढं सांग.

आणखी एक. पत्रात आडवा येणार म्हणून लिहिलं आहे ते मीनाक्षीने वाचलं तर असावं म्हणून. चेन्नईची रेल्वेची तिकिटं मी काल काढली. येताना तिला बसता येणार नाही, तर खालचा बर्थ तिला पालथं झोपायला. समोरचा माझा.