हवा कोण सोडतं?

ता. ३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे बाबा खुशाल आहेत आणि मी काळजीत आहे. विभागणी नेहमीचीच.

बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत, मशीनचा फार उपयोग होणार नाही, आणि मागून येणारी गाडी ऐकू येत नसेल तर रस्त्यावर सायकल बंद. बाबांनी सगळं ऐकल्यासारखी मान डोलावली, आभार मानले आणि बाहेर येऊन मला विचारलं, की तो काय म्हणत होता? मी कागदावर लिहून दाखवलं. त्यावर म्हणाले, माणूस हुशार दिसतो, पण पुटपुटतो. हल्ली सगळं जगच पुटपुटतं, ताई. फक्त शेजारचे घड्याळवाले काका तेवढे स्वच्छ बोलतात, कारण ते जन्मापासून बोंबलतच आले आहेत.

आता खरी गोष्ट. मागच्या पत्रात तू एक वाक्य लिहिलंस, ते लिहायला नको होतं. भावोजींनी भिंगरीला सायकल आणली, आणि तिला बाजूला दोन छोटी आधाराची चाकं आहेत, हे वाक्य. बाबांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, याला सायकल म्हणत नाहीत, पाळणा म्हणतात. आपल्या नातीला कुणी पाळण्यात घालून रस्त्यावर सोडणार असेल तर आजोबाला जावं लागेल. शाळेला सुट्टी लागली की ते तुझ्याकडे येणार आहेत, तिला शिकवायला. बसने नाही. सायकलवरून. मोठ्या रस्त्याने.

त्या रस्त्याच्या पाट्या सध्या आमच्याच दुकानात रंगताहेत. 'अरुंद पूल', 'धोक्याचे वळण', 'वाहने सावकाश चालवा'. प्रत्येक अक्षर मी स्वतः काढलं आहे, तेव्हा त्या रस्त्यावर काय काय आहे ते मला कुणी सांगायला नको.

समजावून झालं. उभा जन्म पहाटे बेकरीचे पाव घरोघर पोचवलेल्या माणसाला सायकलबद्दल समजावणं म्हणजे माशाला टॉवेल देणं. म्हणून मी एक उपाय काढला आहे. रोज दुकानात जाताना त्यांच्या पुढच्या चाकाची हवा सोडून जातो. कंटाळतील. हे पत्र फाडून टाक.

लोभ आहे तेवढा पुरे, पण तो गुप्त ठेवावा.

तुझा,
धाकटा


ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा उपाय वाचून हे इतके हसले, की यांच्या चहाचा निम्मा कप तुझ्या पत्रावर सांडला. त्यामुळे फाडण्याचे कष्ट वाचले. आपल्या घराण्याला शोभेल असंच केलंस. समोर बसून नाही म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. आपण मागून जाऊन हवा सोडतो.

तरी एक सांगते. बाबांनी मला सायकल शिकवली ती कॅरिअरवर पावाचं भरलेलं खोकं बांधून. रिकामी सायकल कुणालाही येते, हे त्यांचं म्हणणं. मी पडले तेव्हा धावत आले, आणि आधी पाव बघितले. तो माणूस चाकात हवा नाही म्हणून घरी बसेल असं तुला वाटत असेल, तर पाट्या रंगवता रंगवता रंगाचा वास डोक्यात गेला असावा. निदान पंप तरी लपव.

चेष्टा पुरे. मलाही झोप नाही. भिंगरीला शिकवायला आजोबा हवेत, भिंतीवर टांगायला नकोत. काहीही कर, पण त्यांना एकट्याने त्या रस्त्यावर येऊ देऊ नकोस. यांनी कार घेऊन न्यायला यायची तयारी दाखवली. मी ते बाबांना लिहिणार नाही, कारण जावयाच्या कारमधून उतरण्यापेक्षा ते पोहत येतील.

वेळेवर जेव. आणि मायेत हवा राहू दे, तिथे हात लावू नकोस.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा भाऊ आणि मी एकाच घरात राहतो, पण त्याचं बोलणं आतल्या आत असतं, म्हणून मला ऐकू येत नाही. तेव्हा त्याची बातमी तुलाच कळवतो.

गेले काही दिवस रोज माझ्या सायकलीची हवा जाते. मला आधी गल्लीतल्या कार्ट्यांचा संशय आला. पण नीट बघितलं तर व्हॉल्व्हची टोपी जागच्या जागी, घट्ट फिरवून बसवलेली. ताई, हवा सोडणाऱ्या कार्ट्याने टोपी परत लावल्याचं मी आयुष्यात पाहिलं नाही. ती तो खिशात घालतो, नाहीतर गटारात टाकतो. शिवाय चाकाखालची धूळ फडक्याने पुसलेली. असा नीटनेटका चोर आपल्या ओळखीत एकच आहे.

मी आपला रोज पंप मारतो. दंड चांगले भरले आहेत. घड्याळवाला विचारत होता, या वयात कुठल्या तालमीत जातोस. मग पंप नाहीसा झाला. तो पिठाच्या डब्यामागे सापडला. त्यालाही फडकं गुंडाळलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

काल त्याला समोर बसवलं. म्हटलं, मी एकट्याने जाऊ नये असं वाटतं ना? मग चल माझ्याबरोबर. त्याने कागदावर लिहिलं, मला सायकल येत नाही. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, तुझा बापच आहे मी. लहानपणी एकदा पडलास आणि तुझ्या आईने सायकल बंद केली; आता आई नाही, आणि तू पोरवयाचा राहिला नाहीस. त्याचा चेहरा असा झाला, की जणू मीच त्याची हवा सोडली.

शिकवणी उद्यापासून. जावईबापूंना नमस्कार. नातीला सांग, पाळणा तयार ठेव, पाना घेऊन येतोय.

माया आहे तशीच आहे, रोज भरावी लागत नाही.

तुझे,
बाबा


ता. २ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो. दोन्ही गुडघे, डावं कोपर आणि हनुवटी. बाकी मी ठीक आहे.

शिकवणी बेकरीच्या मागच्या अंगणात चालते, म्हणजे सगळ्या कारागिरांना भट्टी सोडून बघता येतं. सायकल घड्याळवाल्या काकांची. कॅरिअरवर पावाचं खोकं नाही, माझे रंगाचे डबे आहेत, भरलेले. परवा पडलो तेव्हा बाबा धावत आले आणि आधी डबे बघितले. तुझी आठवण झाली. काका कठड्यावर बसून सूचना देतात. त्यांच्या मते मी हँडल असं धरतो, जसं कुणी ते माझ्याकडून परत मागणार आहे.

पण आता येते, ताई. वळताना श्वास धरावा लागतो एवढंच.

खरा वाद वेगळाच आहे. मी सांगितलं की बाबांनी मागे राहावं आणि मी पुढे. कारण सरळ आहे. मागून गाडी आली तर मला ऐकू येईल, मी हात दाखवीन, आणि पुढचा हात मागच्याला दिसतो. मी मागे राहून कितीही ओरडलो तरी त्याचा उपयोग काय? हे सगळं मी बाणासकट आकृती काढून दाखवलं. बाबांनी आकृतीचं कौतुक केलं. मग म्हणाले, मी आजवर कुणाच्या मागून सायकल चालवली नाही आणि ज्याला दोन आठवड्यांपूर्वी पॅडल कुठे असतं ते माहीत नव्हतं त्याच्या मागून तर नाहीच. आणि मला नीट ऐकू येतं, तुम्ही पुटपुटता.

रविवारी निघतोय. हळद काढून ठेव. औषध म्हणून लागेल.

आजवरचा लोभ पुरला, पुढचा रविवारनंतर बघू.

तुझा,
धाकटा


ता. १२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना तुझ्याकडे ठेवून, सायकल बसच्या टपावर टाकून सुखरूप घरी पोचलो. दुकानात मालकांनी चेहरा बघून विचारलं, कुणाशी मारामारी? मी म्हटलं, रस्त्याशी.

तुझ्या घरी बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, की धाकटा मध्येच झुडपातली पानं मोजायला उतरला. भिंगरी खूप हसली. मी ते खोडलं नाही. पण तुला खरं कळायला हवं.

निघताना बाबा पुढे आणि मी मागे होतो. वाद मिटला नव्हता, नुसती सकाळ झाली होती. पुलाच्या अलीकडे, माझ्याच 'अरुंद पूल' पाटीजवळ, मागून ट्रक आला. हॉर्न वाजवत होता, सारखा. बाबा रस्त्याच्या मधोमध, गाणं म्हणत चाललेले. मी ओरडलो. घंटी वाजवली. पुन्हा ओरडलो. ते गातच होते.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी पॅडल मारत सुटलो, त्यांच्या पुढे गेलो आणि डावा हात काढून कडेला दाखवला. एक हात सोडून चालवायला मला शिकवलंच नव्हतं, त्यामुळे हाताबरोबर मीही कडेला गेलो आणि थेट झुडपात. पण बाबांनी बघितलं आणि ते डावीकडे उतरले. ट्रक त्यांच्या बाजूने गेला तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही हलली. मी आडवा पडून तेवढीच बाही बघत होतो.

मी टोमण्याची वाट बघत उठलो. टोमणा आला नाही. बाबांनी विचारलं, हॉर्न वाजवला होता का त्याने? मी मान डोलावली. त्यांनी विचारलं, बराच वेळ? मी पुन्हा मान डोलावली. ते पुलाच्या कठड्यावर बसले. मग मला म्हणाले, की मला काहीच ऐकू आलं नाही रे. जरासुद्धा नाही. ट्रकवाला पुटपुटला असं म्हणाले असते तर बरं झालं असतं, ताई.

मग उठले. माझं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं, आणि माझी सायकल आपल्या सायकलीच्या पुढे नेऊन उभी केली.

तिथून तुझ्या दारापर्यंत ते माझ्या मागे होते. मला वळून बघता येत नाही, मान वळली की हँडलही वळतं. त्यामुळे ते आहेत की नाहीत हे कळायला मी सारखा थांबत होतो. टेंपोला थांबलो, गाईला थांबलो, एकदा उडणाऱ्या पिशवीलाही. दर वेळी मागे ब्रेक लागल्याचा आवाज यायचा. पिशवीच्या वेळीसुद्धा ते काही म्हणाले नाहीत. यावरून काय ते समज.

त्यांना यातलं काही विचारू नकोस. जपावं त्यांना, आणि उरलं तर मलाही.

तुझा,
धाकटा


ता. १८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कोपर बरं झालं असेल. झालं नसेल तरी ते सायकल चालवायला लागत नाही.

इकडची हकीगत. नातीची आधाराची चाकं जावईबापूंनी स्वतःच्या हाताने काढली. म्हणजे पाना मी फिरवला, त्यांनी चाक धरलं आणि घाम पुसला. श्रेय त्यांना दिलं आहे, सांभाळून ठेवतील. भिंगरी दोनदा पडली, एकदा रडली, आणि आता अंगणात गोल गोल फिरते. तुझ्यापेक्षा बरी वळते. श्वास धरत नाही.

आता तिला अंगण पुरत नाही. रस्त्यावर जायचं म्हणते, कालव्यापर्यंत. मी नाही म्हटलं. तिने कानाशी ओरडून कारण विचारलं. मी सांगितलं, आजोबांना ऐकू येत नाही. असं सरळ मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या ताईच्या हातातलं भांडं पडलं, ते पडताना दिसलं म्हणून कळलं. पोरीला मात्र काही वाटलं नाही. आजोबांचे केस पांढरे आहेत, यापेक्षा मोठी बातमी तिला ती वाटली नाही. तिने एवढंच विचारलं, मग ऐकतं कोण? मी म्हटलं, तुझा मामा. तो नको तेही ऐकतो.

तेव्हा रविवारी पहिल्या बसने ये. सायकल टपावर टाक. तू पुढे, ती मध्ये, मी शेवटी. हवा तितका हळू चाल आणि हवा तिथे थांब. तिला पिशवीचं सांगून ठेवलं आहे, ती हसणार नाही. मीही नाही.

तू येईपर्यंत दोन्ही सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. पोरगी माझ्याशी बोलत नाही, रागावली आहे. लोभाचं काय ते आपण वाटेत बघू. तू उशीर करू नकोस.

तुझे,
बाबा