लेकरांना सांगायचं राहिलंय

नवागाम, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

ती. सुभद्राताईस,
धाकट्या प्रभावतीचा सप्रेम जयभीम.

मोबाईल कायम मुलांच्या हातात असतो, म्हणून पत्राचा हा जुना खटाटोप. मी ठीक आहे. वजनही वाढलंय. एचआयव्हीवाल्या बाईने वाळून काटकी व्हायला हवं असा नियम आहे म्हणे, त्यामुळे आमच्या जाऊबाई माझ्यावर नाराज आहेत.

हो, पुष्पाबाईंना कळलं. सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या खिडकीशी त्यांनी मला पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे आल्या की नाकाला पदर आणि चहा कागदी कपात. विहारात मात्र समतेच्या भाषणावर मान डोलावतात. हा रोग मला त्यांच्या दिराने दिला, पण त्याच्या फोटोला नवा हार! मेलेला देवमाणूस, जिवंत मी बाटलेली.

आता म्हणतात, चैतालीला कडोदऱ्याचं स्थळ आलंय, लेकरांना तू सांग, नाहीतर मी सांगते. त्या सांगणार म्हणजे आधी रडणार, मग गल्ली गोळा करणार. ताई, मी बोलायला जाते आणि जीभच वळत नाही. लेकरांना माझी किळस आली तर?

तुझी माया आटू देऊ नकोस.
प्रभा


भुसावळ
९ फेब्रुवारी

चि. प्रभास,
अनेक आशीर्वाद.

आधी म्हणालीस, धम्मपालची दहावी होऊ दे. मग चैतालीची बारावी. आता पोरगा कापडाच्या लूमवर रातपाळी करतो, मिशा राखतो. तू कशाची वाट बघतेस, नातवाच्या बारशाची?

पुष्पाबाईंना विचार, कपाने हा रोग पसरत असता तर इतकी वर्षं तुझ्या हातची पुरणपोळी हाणून त्या अजून ठणठणीत कशा?

भाषण तयार करू नकोस. जेवताना सांग. सगळ्यात आधी हे सांग, की दोघांची तपासणी कधीच झालीय आणि दोघं निरोगी आहेत. मी आले असते, पण मग मीच बोलत बसेन आणि तुझं राहून जाईल.

रागावलीस तरी लोभ तेवढा ठेव.
तुझी ताई


नवागाम, सुरत
२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
चैतालीचा जयभीम.

माझं मराठी गुजराती वळणाचं. हस, पण पत्र फाडू नकोस.

आईने रविवारी सांगितलं. तुझं पत्र नंतर वाचायला दिलं, तेव्हा कळलं, की तू शिकवलेलं तिने सगळं उलटं केलं. आधी रोगाचं नाव, मग पप्पांचं, मग रडणं; आम्ही निरोगी आहोत हे बाईंना शेवटी आठवलं! तोवर दादाचा घास हातातच आणि मी आमचे किती दिवस उरले ते मोजतेय.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं, मला किळस आली. किळस नाही, राग आला. या गोळ्या बीपीच्या असं तिने सांगितलं, म्हणून मी सातवीपासून घरात अळणी भाजी रांधतेय! लोणचं बंद, पापड बंद. आणि मावशी, तू यायचीस तेव्हा तीच भाजी मुकाट्याने खायचीस. तुला मी अजून माफ केलेलं नाही.

पुष्पाकाकी सोमवारी रडायच्या तयारीनेच आल्या. दादाने सांगितलं, की आम्हाला कळलंय, आता तुम्ही आमच्यासाठी त्रास घेऊ नका. त्यांचा फार विरस झाला.

कडोदऱ्याच्या मंडळींना आईला विचारूनच आम्ही खरं कळवलं. त्यांचे फोन बंद झाले. आई स्वतःला दोष देत बसली. मी म्हटलं, सासूबाई आत्ताच पळाल्या ते बरं, लग्नानंतर पळाल्या असत्या तर मांडवखर्च वाया गेला असता. पण वाईट वाटलं, मावशी. मुलगा बरा होता.

काल आईने पहिल्यांदा आमच्यासमोर गोळी घेतली. सवयीने भिंतीकडे वळली होती, दादाने खांदा धरून तिला आमच्याकडे फिरवलं. गोळी गिळून तिने विचारलं, की बघताय काय, सिनेमा आहे का? तरी आम्ही बघतच राहिलो.

लोभ वाढव, पण आधी माफी माग.
तुझी चैताली