बिनगजाची खिडकी

६ एप्रिल १९५७
मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतली ती खोली आणि तिथले ढेकूण एकदाचे सुटले! सासऱ्यांकडे राहून घरजावई म्हणवून घ्यायचे नव्हते, म्हणून पुण्याहून आल्यापासून तिथे कुजत होतो. आज अड्यारच्या आमच्या नव्या घरात सतरंजी आणि पुस्तकांच्या पेट्यांसह दाखल झालो. पुढची खोली राहण्याजोगी आहे; कनका गृहप्रवेशापर्यंत माहेरीच. खिडक्यांच्या जागी अजून नुसती भगदाडे, त्यातून समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. भाषणात पहिली टाळी पडल्यावर जसे वाटते, तसे वाटले.

एकच घाण होती. रस्त्याकडच्या भगदाडात, परांचीच्या बांबूला बांधलेला पेंढ्याचा बाहुला. कोहळ्याचे डोके, त्यावर मिशा आणि लोंबती जीभ. इथे बांधकामावर असा दृष्टीबोम्मै टांगतात, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर घराला न लागता त्याला लागते. आणि त्याच्या अंगात माझा काळा कोट! ज्या कोटात मी पुण्याची मैदाने गाजवली, तो कनकाने जुना समजून देऊन टाकला. आमची पत्नी बी. ए. आहे.

सासरे वादिराजराव निवृत्त हेडक्लार्क. इंग्रजी अग्रलेख तोंडपाठ, डोके मात्र तंजावरच्या राजवाड्यात राहिलेले. आपल्या तीनशे वर्षे जुन्या मराठीत म्हणाले, अंवो जावयबापू, गृहप्रवेश होईतोवर त्याला हात लावूं नोका, मग आमीच उतरवून जाळतों. नजरेला बसायला कायतरी हवं की. नजर म्हणजे कावळा आहे का, असे मी विचारले. ते हसले नाहीत. मी बाहुला ओढून खाली पाडला. पेंढा गाईने खाल्ला, कोहळाही खाल्ला. देशाच्या बुद्धिवादी चळवळीत त्या गाईचा वाटा वादिराजरावांपेक्षा मोठा आहे.

कोट झटकून घातला. मानेशी थोडा पेंढा टोचतो.

९ एप्रिल
कंत्राटदार राममूर्ती खिडक्यांचे नमुने घेऊन आला. उभे गज: तुरुंग. फुलापानांची लोखंडी जाळी: तुरुंगात लग्न. फिरत्या पट्ट्यांची झडप: चोरून बघणाऱ्या विधुरांसाठी. दाणेदार काच: ज्यांना उजेड हवा पण लाजही वाटते त्यांच्यासाठी. मी सांगितले, रस्त्याकडे पुरुषभर उंचीची एकच स्वच्छ काच, गज नाही, झडप नाही, पडदा नाही. ज्याला लपवायचे काही नाही त्याला आडोसा कशाला?

राममूर्ती म्हणाला, सार, गज नको तर नको, पण बाहेरून सगळे तुम्हालाच बघतील. बघू दे की! आयुष्यभर लोकांनी माझ्याकडेच पाहिले आहे.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळींपुढे माझे मद्रासमधले पहिले व्याख्यान. विषय: ‘दृष्ट, एक राष्ट्रीय आजार’. ते गाजले तर इथे पाय रोवले. माझ्याजवळ दुसरे भांडवल नाही, आवाज तेवढा आहे.

१४ एप्रिल
काच बसली. आज इथले नवे वर्ष, रस्ता माणसांनी फुललेला. मी कोट घालून खिडकीत भाषणाची तालीम केली. कनका जेवण घेऊन आली तेव्हा म्हणाली, या उन्हात कोट? पुढारी उकडूनच वाढायचेत का? तिच्या जिभेला धार आहे, ती माझ्या सहवासाने आली.

जाणारा प्रत्येक जण थांबून वर बघत होता. घराकडे नव्हे, माझ्याकडे. टाळ्या मात्र नाहीत. मेंढरे.

१७ एप्रिल
घसा बसला. खोकल्याबरोबर पेंढ्याची काडी आली. कोटातली असणार. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. ‘काही नाही’ हे सांगायलाही इथे पदवी लागते.

भर दुपारी समोर माणसे उभी असतात. आली की माझ्याकडे एकटक बघतात आणि हलकी होऊन, हसत जातात. त्यांचे काहीतरी माझ्यावर टाकून गेल्यासारखी.

२१ एप्रिल
व्याख्यान. सभागृह भरलेले. उभा राहिलो, हात उंचावला, तोंड उघडले —

सळसळ. वाळल्या गवतात वारा शिरावा तशी. तेवढीच.

मागून कोणी हसले. सगळे बघत राहिले. वादिराजरावांनी मला दंडाला धरून खाली उतरवले. त्या माणसाने! मला! घरी कोणाला येऊ दिले नाही.

२४ एप्रिल
कोट निघत नाही. बटणे सुटतात, पण बाह्या निघत नाहीत. कापता येत नाही, कापले की दुखते. आतून पेंढा सांडतो.

राममूर्तीला चिठ्ठी पाठवली. गज लाव, झडप लाव, दाणेदार काच लाव, विधुरांची, तुरुंगाची, कसलीही. लवकर.

२६ एप्रिल
राममूर्ती आला. मी काचेशी उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, नीट पाहिले. मग गवंड्याला म्हणाला, सार शेवटी समजले, नवा बोम्मै लावून गेले बघ. गवंडी म्हणाला, मिशा बऱ्या जमल्यात.

ओरडलो. सळसळ.

मूर्ख. सगळे मूर्ख —

२९ एप्रिल
कोपर वाकत नाही. हात दोन्हीकडे पसरलेले. पेन्सिल बाहीत अडकली आहे, वही खिडकीच्या पट्टीवर. डोळे मिटत नाहीत. रस्ताभर नजरा. एकेक येऊन बसते —

खरेच बसते. कावळ्यासारखी.

२ मे
सनई. गृहप्रवेश. मला न विचारता —

कनका रडून आली आहे. बापाला सांगते, लाजेने पुण्याला पळाले, पत्र तरी टाकायचे. वादिराजराव म्हणतात, बोलणं बंद झालं की असली माणसं ऱ्हात नाहींत गे. पण जातांना बोम्मै तरी लावून गेले. अक्कल आली, उशिरां.

माझ्याबद्दल. त्या स्वरात. तो स्वर माझा होता —

कनका जवळ आली. कोट ओळखला. बाहीवरून हात फिरवते आहे. कनका, खाली बघ. वही. पेन्सिल हलते आहे, बघ —

ती डोळे पुसते आहे. बापाला म्हणते, अप्पा, झाला ना प्रवेश, आता हा उतरवा.

वादिराजराव खिसे चाचपतात. काडेपेटी —

कनका मी बोलतो आहे मी अजून बोल